लाईन जाते तिथं लिनक्स टाकणं: आर्चइन्स्टॉल, सेटअप-अल्पाइन आणि डेबूटस्ट्रॅपचा रिव्ह्यू

राजेहो, निकाल आधीच सांगून टाकतो, ज्याला घाई आहे त्यानं इथूनच परत फिरावं. (लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी टाकायची फुकट सिस्टिम; डेबियन, अल्पाइन, आर्च हे तिचेच वेगवेगळे प्रकार, त्यांना डिस्ट्रो म्हणतात.) खेड्यातल्या जुन्या मशीनवर डेबियन टाकायचं असेल तर डेबूटस्ट्रॅप, मशीन एकदमच मरतुकडं असेल तर अल्पाइनचं सेटअप-अल्पाइन, आणि घरी इन्व्हर्टर आहे, फायबर आहे, कोणी डोक्यावर उभं राहून "झालं का" विचारत नाही, तर आर्चइन्स्टॉल. तिन्ही फुकट, तिन्ही काळ्या स्क्रीनवर चालणारे, तिन्ही एकाच कामाचे, म्हणजे मशीनवर लिनक्स टाकायचे, पण बनवणाऱ्यांचा विचार तिघांचा अगदी वेगळा, आणि मी त्या विचाराबद्दलच लिहून राह्यलो. कोणतं डिस्ट्रो भारी यावर ज्यांना भांडायचं त्यांनी खाली आपसात भांडावं.

मी दारव्हा तालुक्यात एका गावात दुकान चालवतो. झेरॉक्स, फॉर्म भरणं, प्रिंटरची दुरुस्ती, पीक विम्याच्या दिवसांत तर दुकानात पाय ठेवायला जागा नसते. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) पाहिजे, ते या जुन्या डब्यांमध्ये कुठून येणार, म्हणून तेव्हापासून माझ्याकडं लिनक्स टाकून मागणारे वाढले. त्यांना लिनक्सचं काही प्रेम नाही हो. "भाऊ, हे भंगारात देऊ का याचं काही होते?" एवढाच प्रश्न असतो. शाळेचे डबे, वाचनालयाचे डबे, एखाद्याच्या पोराचं कॉलेजचं जुनं लॅपटॉप, कोणात २ जीबी रॅम, कोणात ४, हार्ड डिस्क असा आवाज करते की वाटते आता गेली.

आता इथली परिस्थिती. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, दुपारी लाईन कधी जाईल आणि कधी येईल याचा नेम नाही, शाळेतल्या यूपीएसची बॅटरी केव्हाच मेलेली, आणि नेट म्हणजे मोबाईलचा हॉटस्पॉट, तोही खिडकीत ठेवला तर. रोजचा डेटा संपला की संपला. तर अशा ठिकाणी इन्स्टॉलर कसा दिसतो, मेनू किती रंगीत आहे, याला काडीची किंमत नाही. मी एकच बघतो: काम अर्ध्यात तुटलं तर किती वाया जाते? प्रश्न विचारणं, पॅकेज (सॉफ्टवेअरचे तयार गठ्ठे) उतरवणं, डिस्कचे पार्टिशन (हिस्से) पाडणं, सिस्टिम भरणं, बूटलोडर (मशीन चालू होताना सिस्टिम उठवणारा) बसवणं, ही कामं मुळात वेगवेगळी आहेत. जो टूल ती वेगवेगळी ठेवतो आणि मधूनच सुरू करू देतो तो आपल्या कामाचा, आणि जो सगळं एका गाठोड्यात बांधतो तो शहरातल्या लोकांच्या कामाचा. बस, यावरच मार्क देऊन राह्यलो.

आधी आर्चइन्स्टॉल, कारण सगळे त्याचंच नाव घेतात. आर्चमध्ये जुन्या काळी मेनूवाला इन्स्टॉलर होता, तो २०१२ च्या जुलैत काढून टाकला आणि त्याच्या जागी तीन छोट्या स्क्रिप्ट दिल्या, त्यांच्याबद्दल पुढं बोलतो. मग इतकी वर्षं पोरं आर्चची विकी (नेटवरची माहितीची पानं) वाचून वाचून हातानं टाकत होती, आणि २०२१ च्या एप्रिलपासून आर्चइन्स्टॉल आयएसओतच (पेनड्राईव्हवर टाकायची आर्चची फाईल) येऊन राह्यला. पायथनमध्ये लिहिलेला आहे, मेनू उघडतो, भाषा, डिस्क, युजर, डेस्कटॉप, सगळं निवडा आणि इन्स्टॉल दाबा. नवशिक्यासाठी मस्त आहे, खोटं कशाला बोलू. एक्सएफसीई (हलका डेस्कटॉप) निवडलं की लॉगिन स्क्रीनपर्यंत सगळं बसवून देतो, आवाजाचं तेवढं मेनूत वेगळं निवडायचं.

आणि ज्यांना वाटते तो नुसता मेनू आहे त्यांना सांगतो, तसं नाही. तुमची सगळी उत्तरं तो जेसन फाईलमध्ये (कंसांच्या मांडणीची टेक्स्ट फाईल) जपतो, पासवर्ड वेगळ्या फाईलमध्ये ठेवतो (हे फार चांगलं केलं, कारण पहिली फाईल मग बिनधास्त कोणालाही देता येते), पुढच्या मशीनवर कॉन्फिग ऑप्शननं तीच फाईल द्या आणि सायलेंट म्हणा, एकही प्रश्न न विचारता सुरू. ड्राय-रन पण आहे, म्हणजे डिस्कला हात न लावता नुसती फाईल बनवून देतो. पार्टिशन तुम्ही हातानं पाडून माउंट करून (फोल्डरला जोडून) ठेवले असतील तर तेही चालते, त्याच्यासाठी मेनूत वेगळी सोय आहे.

मग मार्क काहून कापले? ऐका. ती उत्तरांची फाईल लाईव्ह सिस्टिमच्या (पेनड्राईव्हवरून तात्पुरती चालते ती) वार-लॉग फोल्डरमध्ये पडते, आणि लाईव्ह सिस्टिम असते रॅममध्ये. लाईन गेली, सगळं गेलं. म्हणून मेनूत सेव्ह कॉन्फिगरेशन आहे त्यानं ती आधीच दुसऱ्या पेनड्राईव्हवर काढून ठेवायची, हे कोणी सांगत नाही. दुसरं म्हणजे इन्स्टॉल एकदा सुरू झालं की ते एक अखंड काम आहे, मधल्या टप्प्यापासून धर असं त्याला सांगता येत नाही, परत पहिल्यापासून, परत डिस्क पुसून, परत सगळी पॅकेजं उतरवून, आणि हॉटस्पॉटवर डेस्कटॉपसकट आर्च परत उतरवायचं म्हणजे त्या दिवसाचा डेटा तिथंच फुकला. तिसरं, त्या जेसनमधला डिस्कचा भाग माणसानं वाचायसाठी नाहीच, प्रत्येक पार्टिशनला लांबलचक आयडी, साईझ, सुरुवात, पुसायचं की नाही, सगळं खोलखोल कंसात. ५०० जीबीच्या डिस्कसाठी बनवलेली फाईल ३२० जीबीच्या डिस्कला लावायची तर बसा शोधत. आणि जुन्या व्हर्जनची फाईल नव्या आयएसओला गोड लागेलच असंही नाही. शहरात पाचपैकी चार स्टार, माझ्याकडं अडीच.

आता अल्पाइन. हे खरं तर कंटेनरवाल्या (सर्व्हरवर एकेक प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात चालवणाऱ्या) लोकांचं आवडतं, बिझीबॉक्स (छोट्या कमांडांचा गठ्ठा) आणि मसल लायब्ररीवर (सगळ्या प्रोग्रॅमचा पाया) चालते, म्हणून अंगानं अगदी हलकं. सेटअप-अल्पाइन म्हटलं की तोही प्रश्न विचारत जातो, कीबोर्ड, मशीनचं नाव, नेटवर्क, टाईमझोन, मिरर (पॅकेजं देणारा सर्व्हर), युजर, डिस्क. दिसायला अगदी साधा, एकही रंग नाही. पण आत डोकावून बघा, सेटअप-अल्पाइन स्वतः जवळपास काहीच करत नाही! तो नुसता मुकादम आहे. कामं करणारे वेगळे: सेटअप-कीमॅप, सेटअप-होस्टनेम, सेटअप-इंटरफेसेस, सेटअप-टाईमझोन, सेटअप-एपीकेरेपोज, सेटअप-डिस्क, असे एकेक. प्रत्येकाला स्वतंत्र हाक मारता येते. नेटवर्कचं चुकलं तर फक्त सेटअप-इंटरफेसेस परत चालवा, बाकीचं जिथल्या तिथं. सिस्टिम टाकून महिना झाला आणि आता डेस्कटॉप पाहिजे, तर सेटअप-डेस्कटॉप चालवा, तो विचारतो कोणता पाहिजे, की झालं. आपल्याकडं ट्रॅक्टर एकच असते आणि मागं कधी नांगर, कधी वखर, कधी पेरणी यंत्र जोडतो ना, तसं काम आहे हे.

आणि डिस्कला हात लावायचं काम सगळ्यात शेवटी ठेवलं आहे. तोवर लाईन गेली तरी डिस्कवरचा जुना माल शाबूत. शिवाय पुसण्याआधी तो डिस्कचं नाव दाखवून विचारतो की पुसू का, आणि तिथं नुसतं एंटर दाबलं तर उत्तर "नाही" धरतो. मला हे फार आवडलं. शाळेत मशीनच्या भोवती पोट्टे गोळा झालेले असतात, कोणाचं बोट कधी एंटरवर पडेल सांगता येत नाही.

सेटअप-डिस्कमध्ये आणखी एक गोष्ट आहे ज्याच्यासाठी मी त्याच्या प्रेमात पडलो. त्याला डिस्कचं नाव दिलं तर तो स्वतःच्या मनानं पार्टिशन पाडतो, पण डिस्कच्या ऐवजी माउंट केलेलं फोल्डर दिलं, एमएनटी वगैरे, तर पार्टिशनच्या भानगडीत न पडता मुकाट्यानं त्यात सिस्टिम भरतो. म्हणजे ज्याला काही माहीत नाही त्याचंही भागते आणि ज्याला स्वॅप (रॅम कमी पडली तर वापरायची डिस्कवरची जागा) किती, होम (युजरच्या फाईलींचं फोल्डर) वेगळं पाहिजे का, जुना डेटा ठेवायचा का, हे स्वतः ठरवायचं त्याचंही. काही गोष्टी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलनं पण बदलता येतात, स्वॅपची साईझ, बूट पार्टिशनची साईझ, फाईलसिस्टिम कोणती. दोन ओळी आधी लिहा आणि कमांड मारा. लवचिक टूल म्हणजे काय असं कोणी विचारलं तर मी हेच दाखवतो, ढीगभर ऑप्शन म्हणजे लवचिकपणा नाही, कुठं थांबायचं आणि कुठून घुसायचं ते वापरणाऱ्याच्या हातात पाहिजे.

उत्तरांची फाईलही आहे. सी ऑप्शननं रिकामा नमुना मिळतो, त्यात भरा, एफ ऑप्शननं द्या. आणि ही फाईल म्हणजे साध्या शेलच्या (कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) ओळी, कीमॅप अमुक, होस्टनेम अमुक, डिस्क अमुक. मोबाईलवर सुद्धा वाचता येते. फाईल देऊनही रूटचा (मुख्य युजरचा) पासवर्ड तो हातानंच विचारतो आणि डिस्क पुसायचंही विचारतो. कोणाला हा दोष वाटेल, दहा-बारा मशीनच्या लॅबमध्ये खुर्च्या बदलत बसावं लागते खरं, पण पासवर्ड उघडा पेनड्राईव्हवर फिरण्यापेक्षा बरं. पुसायचा प्रश्न टाळायचा असेल तर त्याचंही व्हेरिएबल आहे, इरेज-डिस्क्स, पण ते मी घालत नाही.

३२-बिट (जुन्या पद्धतीच्या प्रोसेसरची) मशीन असेल तर हा आणखी कामाचा. आर्चनं ३२-बिट २०१७ लाच सोडलं, ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ नं ३२-बिट पीसीचा इन्स्टॉलर आणि कर्नल (सिस्टिमचा गाभा) दोन्ही बंद केलं. अल्पाइन अजून देते.

पण मसल. इथं गाडी अडते. ग्लिबसीसाठी (बाकीच्या बहुतेक लिनक्समध्ये मसलच्या जागी असते ती लायब्ररी) बनवलेलं कंपनीचं तयार सॉफ्टवेअर, मग तो प्रिंटरचा ड्रायव्हर असो की क्रोम, सरळ चालत नाही. एका गुरुजींच्या मशीनवर अल्पाइन इतकं सुसाट पळत होतं की ते म्हणे, "भाऊ, हे तं नव्या मशीनवानी झालं ना बाप्पा." आठ दिवसांनी प्रिंटर घेऊन हजर. तेव्हापासून आधी प्रिंटर कोणता ते विचारतो आणि मगच अल्पाइनचं नाव काढतो. टूल म्हणून पावणेपाच स्टार, सिस्टिम म्हणून आपल्या गिऱ्हाईकाला तीन.

आता डेबूटस्ट्रॅप. याच्यावर जरा निवांत बसतो, कारण माझं अर्ध्याहून जास्त काम यानंच होते, आणि याच्याबद्दल मराठीत कोणी लिहितच नाही.

हा इन्स्टॉलर नाहीच, आधी हे डोक्यात घ्या. एक शेल स्क्रिप्ट आहे. तिला तीन गोष्टी सांगायच्या: डेबियनचं कोणतं व्हर्जन, कोणत्या फोल्डरमध्ये, कोणत्या मिररवरून. ती त्या फोल्डरमध्ये एक छोटी डेबियन सिस्टिम उभी करून देते. बस. डिस्क ओळखत नाही, पार्टिशन पाडत नाही, कर्नल टाकत नाही, ग्रब (बूटलोडर) बसवत नाही, युजर बनवत नाही. ते सगळं तुम्ही. नवीन माणूस म्हणेल मग याचा उपयोग काय? अरे, तोच तर उपयोग आहे. फोल्डर हे फोल्डर आहे, मग ते हार्ड डिस्कवरचं असो, पेनड्राईव्हवरचं असो, की तुमच्याच लॅपटॉपच्या होममधलं असो, तिला काही घेणंदेणं नाही. आणि ती चालवायला डेबियनच पाहिजे असंही नाही, आर्चवरून, फेडोरावरून, अल्पाइनवरूनही डेबूटस्ट्रॅप चालते.

तर माझी पद्धत अशी आहे. गिऱ्हाईकाच्या मशीनवर मी काहीच टाकत नाही. त्याची हार्ड डिस्क काढतो, यूएसबी-साटा केबलनं माझ्या लॅपटॉपला लावतो, लॅपटॉपला बॅटरी आहे, लाईन गेली तरी काम चालू, त्यावर पार्टिशन पाडतो, डेबूटस्ट्रॅप मारतो, आत सीएचरूट करून (त्या फोल्डरलाच पूर्ण सिस्टिम धरून आत शिरून) कर्नल, ग्रब, युजर, मराठी फॉन्ट सगळं भरतो आणि डिस्क परत बसवतो. गिऱ्हाईकाच्या खोलीत ना नेट लागते ना दोन तास पंख्याखाली बसावं लागते. मेनूवाला कोणताही इन्स्टॉलर हे इतकं सरळ करू देत नाही, कारण त्यानं गृहीतच धरलेलं असते की ज्या मशीनवर मी चालू झालो तीच मशीन भरायची आहे.

दोन खड्डे आहेत याच्यात, सांगून ठेवतो. एक म्हणजे यूईएफआय मशीन (नव्या पद्धतीनं बूट होणारी) असेल तर ग्रब बसवताना रिमूव्हेबल ऑप्शन द्या. नाहीतर बूटची नोंद तुमच्या लॅपटॉपच्या चिपमध्ये जाते आणि गिऱ्हाईकाची मशीन म्हणते माझ्याकडं काहीच नाही. रिमूव्हेबल दिलं की ग्रब त्या ठरलेल्या बूट फोल्डरमध्ये बसते जिथं प्रत्येक मशीन आपणहून बघते. जुन्या बायोसवाल्या डब्यांना ही भानगड नाही. दुसरं, हाच खेळ आर्चमध्ये केला तर तिथलं एमकेइनिटसीपीओ (बूट इमेज बनवणारं टूल) ऑटोडिटेक्ट वापरते, म्हणजे सध्या चालू असलेल्या मशीनला लागणारेच ड्रायव्हर बूट इमेजमध्ये भरते, आणि चालू मशीन कोणती? तुमचा लॅपटॉप! मग डिस्क दुसरीकडं लावली की रूट (मुख्य) पार्टिशन सापडत नाही म्हणून रडते. ऑटोडिटेक्ट काढून इमेज परत बनवा. डेबियनमध्ये मुळातच बहुतेक सगळे ड्रायव्हर भरायची सेटिंग असते, म्हणून तिथं हे दुखणं नाही. एफएसटॅबमध्ये (कोणतं पार्टिशन कुठं जोडायचं ती यादी) यूयूआयडी (पार्टिशनचा स्वतःचा नंबर) लिहिले की माझ्याकडं एसडीबी नाव असलेली डिस्क तिकडं एसडीए झाली तरी फरक पडत नाही.

नेटचं पण बघा. डेबूटस्ट्रॅपमध्ये मेक-टारबॉल म्हणून ऑप्शन आहे. तो फक्त पॅकेजं उतरवून त्यांचं एक टारबॉल (एका फाईलमध्ये बांधलेलं गाठोडं) बनवून देतो, सिस्टिम उभी करत नाही. मी यवतमाळला गेलो की चांगल्या नेटवर हे करून आणतो. मग गावात अनपॅक-टारबॉल म्हणून ती फाईल द्यायची, पूर्ण पाथ द्यायचा, अर्धवट दिला तर तो ऐकत नाही, आणि एक बाइटही नेट न वापरता पायाभूत सिस्टिम उभी. उतरवणं वेगळं आणि उभारणं वेगळं, हे ज्यानं सुचवलं त्याला माझ्याकडून तर्री पोहे. आणि यात नुसती पॅकेजं असतात, तयार सिस्टिमचा फोटो नसतो, म्हणून प्रत्येक मशीनवर ती नव्यानं कॉन्फिगर होते. क्लोन करणारे काय करतात, एक मशीन तयार करून तीच सगळीकडं छापतात, मग सगळ्यांचा मशीन-आयडी एक, एसएसएचच्या (दुरून लॉगिन करायच्या) किल्ल्या एक, आणि मग राउटर दोघांना एकच आयपी देऊन राह्यला म्हणून डोकं धरून बसतात.

मात्र टारबॉलमध्ये डेस्कटॉप येत नाही, गैरसमज नको. इन्क्लूड ऑप्शननं चार पॅकेजं वाढवता येतात, पण डेबूटस्ट्रॅपचा डिपेंडन्सी (कोणत्या पॅकेजला दुसरं कोणतं लागते ते) सोडवायचा हिशोब कच्चा आहे, हे किंवा ते अशी निवड असली की गडबडतो. म्हणून पायाभूत सिस्टिम उभी करून बाकीचं आतून ॲप्टनं (डेबियनचं पॅकेज टाकायचं टूल) टाकायचं. त्यासाठी दुकानातल्या एका पीसीवर ॲप्ट-कॅशर-एनजी लावून ठेवलं आहे, ३१४२ पोर्टवर चालते, पहिल्या मशीनला पॅकेज नेटवरून येते, दुसऱ्यापासून दुकानातूनच. ज्यांना डेबूटस्ट्रॅपचा तो कच्चा हिशोब आवडत नाही त्यांच्यासाठी एमएमडेबस्ट्रॅप आहे, तो सगळं ॲप्टकडून सोडवून घेतो, एकापेक्षा जास्त मिरर घेतो, मध्येच आपल्या कमांड घालायला हुक देतो, आणि वेगानंही पुढं आहे. तो ज्यांच्याकडं ॲप्ट आहे त्यांच्यासाठी, डेबूटस्ट्रॅप कुठंही.

मध्येच तुटलं तर? उतरवताना तुटलं तर तीच कमांड परत मारा, जी पॅकेजं आधीच पूर्ण आली आणि ज्यांचा चेकसम (फाईल नीट आली का ते तपासायचा आकडा) जुळतो ती परत उतरवत नाही. कॉन्फिगर करताना तुटलं तर मात्र सरळ पार्टिशन फॉरमॅट करा आणि टारबॉलवरून परत, अर्धवट सिस्टिम सुधारत बसण्यात काही दम नाही. फसला तर त्या फोल्डरच्या आतच डेबूटस्ट्रॅप नावाच्या फोल्डरमध्ये लॉग सापडतो, आणि एक्झिट कोड नीट देतो म्हणून स्क्रिप्टमध्ये घालून पुढची कमांड थांबवता येते.

याच्या आतलं एक गंमत म्हणून सांगतो. प्रत्येक व्हर्जनसाठी त्याच्याकडं एक स्क्रिप्ट असते, पण प्रत्यक्षात बहुतेक नावं म्हणजे एकाच फाईलकडं जाणारे सिमलिंक. डेबियनवरूनच बनलेल्या उबंटूची कितीही नवी नावं आली तरी सगळी त्याच्या २००७ च्या गट्सी नावाच्या व्हर्जनकडंच बोट दाखवतात! नवं व्हर्जन आलं आणि तुमच्या जुन्या डेबूटस्ट्रॅपला त्याचं नाव माहीत नाही, तर एक सिमलिंक मारा आणि पुढं चला. इतक्या वर्षांपूर्वीच्या डिझाईनमध्ये ही जागा ठेवून दिली होती, याला म्हणतात नियोजन.

चार स्टार. पाचवा काहून नाही, तर नवीन माणसाला तो इतकं अधांतरी सोडतो की बास. सिस्टिम उभी झाली, आता कर्नल टाक, लोकेल (भाषेची सेटिंग) कर, पासवर्ड ठेव, हे शेवटी दोन ओळीत सांगायला काय जाते?

आर्चच्या त्या तीन स्क्रिप्ट राहिल्या, पॅकस्ट्रॅप, जेनएफएसटॅब, आर्च-सीएचरूट. विचार डेबूटस्ट्रॅपचाच, पण जास्त नीटनेटका. पॅकस्ट्रॅप फोल्डरमध्ये पॅकेजं भरतो, जेनएफएसटॅब माउंट बघून एफएसटॅबच्या ओळी स्क्रीनवर छापतो, फाईलमध्ये घालायचं काम तुमचं, म्हणून आधी डोळ्यांनी बघता येते (जोडायच्या खुणेनं दोनदा चालवलं तर ओळीही दोनदा, हे लक्षात असू द्या). आर्च-सीएचरूट तर इतका कामाचा आहे की मी डेबियनसाठीही तोच वापरतो, प्रॉक, सिस, डेव्ह ही सिस्टिमची लागणारी फोल्डरं सगळी आपणहून माउंट करतो आणि निघताना काढतो. पॅकस्ट्रॅपला सी ऑप्शन दिला तर तो चालू सिस्टिमचा पॅकेज साठा वापरतो, दुकानातल्या लॅपटॉपवर भारी, पण लाईव्ह पेनड्राईव्हवर देऊ नका, तिथं साठा म्हणजे रॅम. लाईन जाऊन परत आली आणि पॅकमन (आर्चचं पॅकेज टूल) म्हणते डेटाबेस लॉक आहे, तर एमएनटीच्या आतली ती डीबी-लॉक फाईल उडवा. साडेचार.

कोणी तरी विचारेलच म्हणून, प्रीसीड आणि किकस्टार्ट, म्हणजे इन्स्टॉलरला उत्तरं आधीच लिहून द्यायच्या पद्धती. मोठ्या लॅबवाल्यांसाठी ठीक. रेड हॅटवाल्यांचं किकस्टार्ट वाचायला सोपं आहे, आणि हातानं इन्स्टॉल केलं की रूटच्या फोल्डरमध्ये तुमच्या उत्तरांची फाईल आपोआप ठेवून देते, हे सगळ्यांनी शिकण्यासारखं. डेबियनच्या प्रीसीडमध्ये पार्टिशनची रेसिपी म्हणून जो प्रकार आहे, किमान, प्राधान्य, कमाल असे तीन आकडे, तो ज्याला पहिल्या वाचनात समजला त्याचा मी सत्कार करायला तयार आहे. निक्सओएस नावाच्या लिनक्सची कल्पना सुंदर, एका फाईलमध्ये सगळी सिस्टिम, पण आमच्या हॉटस्पॉटला ते झेपणारं नाही.

एक तक्रार सगळ्यांबद्दल. डिस्कचं नाव. एसडीए, एसडीबी यावरून दोन यूएसबी केबल लावलेल्या माणसाला काय कळणार कोणती कोणाची? मी आधी एलएसबीएलके कमांडमध्ये मॉडेल आणि सिरीयल नंबर बघतो आणि बाय-आयडीवालं लांब नाव वापरतो, त्यात सिरीयल असतो, लाईन जाऊन परत आली तरी बदलत नाही. पार्टिशनचा नकाशा एसएफडिस्क कमांडनं टेक्स्टमध्ये काढून दुसऱ्या डिस्कवर ओततो, त्यातल्या लेबल-आयडी आणि यूयूआयडी तेवढ्या उडवून, म्हणजे नव्या बनतात. इन्स्टॉलर बनवणाऱ्यांनी पुसायचं विचारताना "एसडीबी पुसू का" ऐवजी कंपनी, साईझ, सिरीयल आणि आत आत्ता काय आहे हे दाखवलं तर कितीतरी लोकांचे लग्नाचे फोटो वाचतील.

मराठीचं म्हणाल तर काळ्या स्क्रीनवर अपेक्षाच ठेवू नका, लिनक्सच्या कन्सोलला देवनागरी धड काढता येत नाही, फॉन्टमध्ये जास्तीत जास्त ५१२ आकार बसतात आणि जोडाक्षरं जुळवायची सोयच नाही. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये मराठी आहे पण ग्राफिकलमध्ये. मी सीएचरूटमध्येच एमआर-आयएन लोकेल बनवतो, फॉन्ट्स-देवा (देवनागरी फॉन्ट) आणि आयबस-एम१७एन (मराठी टायपिंगसाठी) टाकतो, इन्स्क्रिप्ट कीबोर्ड लावून देतो. परवा शाळेतल्या मॅडम म्हणाल्या, "पोट्ट्यायले टायपिंग जमून राह्यलं आता, पण ते थंबचं मशीन लावू का याले?"

तर थंबच्या (अंगठ्याचा ठसा घेणाऱ्या) मशीनबद्दल सगळेच विचारतात म्हणून इथंच सांगतो: कंपनीनं लिनक्सचा ड्रायव्हर दिला असेल तर डेबियनवर चालायची आशा, अल्पाइनवर सोडून द्या, आणि दिला नसेल तर त्या एका कामासाठी दुकानातली एक विंडोजची मशीन राखून ठेवा. डिस्क पुसण्याआधी हे विचारून घ्या, नंतर नाही. यूएसबी-साटा केबल घेताना ३.५ इंची डिस्कसाठी वेगळा ॲडॅप्टर असलेली घ्या, नुसत्या यूएसबीवर ती फिरत नाही.